दोघींच्या चार साखळ्या

थिर्झा रेबोल्डच्या हातालाच माप आहे, असं क्रॅडली हीथमध्ये, इंग्लंडातल्या त्या साखळ्या घडवणाऱ्या गावात, सगळे म्हणत. लाल तापलेली सळई ऐरणीवरच्या पात्यावर टेकवायची, हातोड्याचा घाव घालायचा, की हवा तेवढा तुकडा सुटा. ना पट्टी, ना खूण. तो वाकवायचा, आधीच्या कडीत ओवायचा, टोकं एकमेकांवर चढवून ठोकायची, झाली कडी. हे ती आईच्या भट्टीशेजारी उभी राहून शिकली आणि लग्न होऊन रेबोल्डांच्या परसातल्या खोपटातल्या भट्टीवर आली. मुलं लहान असताना भाता थांबला की ती रडून उठत, इतकी त्यांना त्या आवाजाची सवय.

त्याच खोपटात, तिच्याकडे पाठ करून, दुसऱ्या भट्टीवर तिची नणंद लिआ काम करी. लिआ अंगानं दांडगी आणि जिभेनं त्याहून.

"तुझ्या कड्या म्हणजे सुकलेले वाटाणे गं," लिआ म्हणायची.

"आणि तुझ्या म्हणजे रात्रभर भिजत घातलेले," थिर्झा मागे न वळता उत्तर द्यायची.

दोघींपैकी कुणाचाही माल कधी परत आला नव्हता.

त्या वसंतात कालव्यावरच्या धक्क्यासाठी चार साखळ्यांची मागणी आली. एकाच मोठ्या कड्यात चारही अडकवून जड माल उचलायचा होता. काम घाईचं, म्हणून दोघींनी दोन-दोन वाटून घेतल्या. नेहमीसारख्या कड्या मोजल्या, चारही साखळ्यांत सारख्याच भरल्या. तपासणीच्या यंत्रावर एकेक साखळी ताणून पाहिली गेली, चारही कसाला उतरल्या, आणि थेट धक्क्यावर गेल्या. थिर्झाचा नवरा जोब तिथेच कामाला होता. शनिवारी बोटीतून दारूभट्टीचा तांब्याचा भला मोठा हंडा उतरवायचा होता आणि गावातल्या यच्चयावत पुरुषांचं लक्ष त्या हंड्याकडे लागलं होतं.

शनिवारी सकाळी थिर्झा खोपट झाडत होती. दाराजवळच्या खिळ्यावर त्याच साखळ्यांचे उरलेले दोन तुकडे लोंबत होते, एक तिचा, एक लिआचा. डुकराच्या कोंडवाड्याला लावायला ठेवले होते. तिनं सवयीनं कड्या मोजल्या. सारख्याच होत्या. पण लिआचा तुकडा नखभर खाली उतरला होता.

"लिआ, बघ गं, भिजलेले वाटाणे!" ती हसत म्हणाली आणि मग तिनं दोन्ही तुकडे शेजारी धरून पुन्हा बघितले.

एवढ्याशा तुकड्यात नखभर, तर सबंध साखळीत किती? चार साखळ्यांतल्या दोन आखूड असतील, तर सगळा भार त्या दोन साखळ्यांवर. उरलेल्या दोन नुसत्या लोंबणार. आणि हंडा वर जाताना खालून आधार द्यायला बोटीत उभा असणार तो जोब.

"काय झालं? अशी पांढरी का पडलीस?" लिआनं विचारलं.

थिर्झानं दोन्ही तुकडे तिच्यासमोर धरले. लिआला समजावून सांगावं लागलं नाही. चामड्याचे एप्रन तसेच अंगावर ठेवून दोघी धावत सुटल्या.

त्या पोचल्या तेव्हा हंडा बोटीच्या तळापासून हातभर वर उठला होता. दोन साखळ्या तारेसारख्या ताणलेल्या, दोन सैल झुलत होत्या. हंडा एका अंगाला कलत होता, आणि त्याच अंगाला दोन्ही हात लावून जोब उभा होता.

"जोब! बाहेर हो!"

घरी जेवायला तीनदा हाक मारली तरी हा माणूस खुर्चीतून हलत नसे. पण हा आवाज त्याला ठाऊक होता. खोपटात तापलं लोखंड उडालं की थिर्झा असं ओरडे. वर न बघता त्यानं काठावर उडी मारली. माल उचलायची यारी चालवणाऱ्या कॅलेबनंही काही न विचारता तिचा दांडा उलटा फिरवायला सुरुवात केली. हंडा करकरत आणखी कलला, बोटीला टेकला, आणि सावकाश तळावर बसला.

काहीच तुटलं नाही.

"झालं काय? डुक्कर सुटलं?" जोबनं विचारलं.

"तुझ्या डोक्यावर दोनच साखळ्या होत्या," थिर्झा धापा टाकत म्हणाली.

"चार आहेत की!"

"लिआच्या दोन नुसत्या गंमत बघायला आल्यात."

एवढं बोलून ती दोरखंडाच्या वेटोळ्यावर मटकन बसली. हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. जोब शेजारी उभा राहून तिच्या पाठीवर हात ठेवू की नको अशा विचारात होता. शेवटी ठेवला.

चारही साखळ्या मोकळ्या टांगल्या, तेव्हा लिआच्या वीतभर लांब निघाल्या. लिआनं आपली एक कडी चिमटीत धरून बघितली.

"माझा तुकडा सढळ तुटतो," ती म्हणाली. तिचा आवाज इतका लहान कुणी ऐकला नव्हता.

"आणि माझा आखूड. दोघींनी कड्या मोजल्या, लांबी कुणी बघितली?"

आजवर बघायची गरजच पडली नव्हती. एका साखळीत सगळ्या कड्या एकाच हातच्या असत. दोघींचं काम एका कड्यात कधी टांगलं गेलं नव्हतं.

लांब साखळ्या घरी आणून लिआनं त्यांतल्या कड्या काढल्या. शेवटी अर्ध्या कडीचा फरक राहिला, तो घालवायला थिर्झानं आखूड तुकडे तोडून दिले आणि लिआनं काही लांब कड्यांच्या जागी त्यांच्या कड्या ठोकल्या. चारही साखळ्या आढ्याला शेजारी शेजारी टांगून बघितल्या, मगच पुन्हा तपासणीला पाठवल्या. पुढे हातोडा कायमचा खाली ठेवेपर्यंत थिर्झा जोडीच्या साखळ्या अशाच टांगून बघत असे.

मंगळवारी हंडा पुन्हा उचलला. जोबला तिनं बोटीत उतरू दिलं नाही. काठावरूनच दोर धरायला लावला. धक्क्यावरचे लोक हंड्याकडे बघत होते, त्या दोघी साखळ्यांकडे. चारही सारख्या ताणल्या गेल्या. कॅलेबनं हंडा फिरवून धक्क्यावर आणला, टेकवला, आणि पुरुषांनी टोप्या उडवल्या.

लिआनं फडक्यातून चरबी लावलेला पाव काढून अर्धा थिर्झाला दिला. शनिवारपासून आपण पोटभर जेवलोच नाही, हे थिर्झाला पहिला घास घेतल्यावर कळलं. दुसरा अर्धाही तिनंच खाल्ला, आणि लिआनं चक्क फडक्यातला चुराही तिच्याच तळहातावर झटकला.