अण्णांच्या नावाच्या पायऱ्या

सहलीहून आलेला माणूस फोटो दाखवतो. आमचे बारदानअण्णा पोतं दाखवायचे. हुबळीतल्या कमरीपेठेत त्यांचं रिकाम्या पोत्यांचं, म्हणजे बारदानाचं दुकान होतं. दर वर्षी दिवाळीनंतर ते गल्लीतल्या सगळ्यांना बायकापोरांसकट यल्लापूरकडच्या रानात घेऊन जायचे आणि निघताना दुकानातलं एक पोतं खांद्यावर टाकायचे. परतताना ते भरलेलं असायचं. आमचा कचरा त्यात असायचाच, शिवाय आमच्या आधी येऊन गेलेल्या नालायकांचाही असायचा. नालायक हा शब्द माझा, अण्णा कुणाला वाईट बोलत नसत. गल्लीत उतरलं की पोतं दुकानाच्या कट्ट्यावर ठेवून एवढंच म्हणायचे, "बघा, हे सगळं त्या रानानं उगाच सांभाळलं."

"रान म्हणजे दुसऱ्याचं घर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पाहुण्यानं बैठकीत बसावं, कपाटं उघडत फिरू नये." म्हणून गाणी वाजवायची नाहीत, पायवाट सोडायची नाही, ओढ्यात साबण लावायचा नाही. माझी आई एकदा जेवणाचे डबे घासायला ओढ्याकडे निघाली, तर अण्णांनी तिच्या हातातून डबे घेऊन पोत्यात टाकले. "अक्का, हुबळीचं खरकटं हुबळीत धुऊ." आई आठवडाभर धुसफुसत होती, पण पुढच्या वर्षी साबण न्यायची तिची छाती झाली नाही.

मी कॉलेजात शिकत होते, तेव्हा शहाणपणा अंगात मावत नव्हता. संत्र्याची सालं झुडपात फेकली आणि वर ऐकवलं, "अण्णा, सालं कुजतात." ते खाली वाकून सालं वेचू लागले. "कुजतात की. पण त्याआधी माकड खातं. मग त्याला आपली चटक लागते, ते रस्त्यावर येऊन बसतं आणि गाडीखाली जातं." उरलेली सालं मी वेचली.

या सगळ्या सहली एकाच जागेसाठी असायच्या. तिथल्या एका छोट्या गावाबाहेर उतारावरून खाली गेलं की ओढ्याकाठी काळ्या चिखलाची दलदल होती आणि तिच्यात रामपत्रीची, म्हणजे रानटी जायफळाची, जुनी झाडं उभी होती. त्यांची मुळं चिखलातून वर यायची, वाकायची आणि परत आत जायची, जणू माणसं गुडघे वर काढून बसली आहेत. "चिखलात दम कोंडतो, म्हणून ही झाडं गुडघ्यांनी श्वास घेतात," अण्णा हळू आवाजात सांगायचे. काठावरच्या खडकावर आम्ही गप्प बसायचो. थोड्या वेळानं ते उठायचे आणि मला म्हणायचे, "साकु, पुरे झालं. आता त्यांना त्यांचं घर देऊ." या जागेचा पत्ता त्यांनी बाहेर कुणाला दिला नाही. कुणी मागितलाच, तर खुशाल दांडेलीचा रस्ता दाखवायचे.

पुढे अण्णांचेच गुडघे गेले. तो निसरडा उतार त्यांना झेपेना. मग ते दुकानात बसून जाऊन आलेल्यांना विचारायचे, "झाडं बरी आहेत ना?" दुसरं काही विचारायचे नाहीत.

आमच्या समाजात माणसावर जीव असला की त्याच्या नावानं काहीतरी बांधायची रीत आहे. देवळाची पायरी, पाणपोई, शाळेसमोरचा कट्टा, आणि त्यावर नाव कोरलेला दगड. अण्णांची पंच्याहत्तरी आली तेव्हा त्यांचा भाचा रमेश पुढं झाला. अण्णांना मूलबाळ नव्हतं, रमेशवर त्यांची माया होती आणि त्याची त्यांच्यावर. त्यानं गल्लीतल्या मंडळींना गोळा केलं, त्या गावाला विचारलं, गावानंही आनंदानं हो म्हटलं. अण्णांना मात्र कळू दिलं नाही.

मी लग्न होऊन बेळगावला होते, त्या दिवसासाठी मुद्दाम आले. गाडी उताराशी थांबली. समोर सिमेंटच्या पक्क्या पायऱ्या, लोखंडी कठडा आणि काळ्या दगडावर अण्णांचं नाव. पायऱ्या थेट दलदलीत उतरल्या होत्या. शेवटच्या पायरीपुढं बसायला ऐसपैस ओटा होता, आणि त्या ओट्याखाली झाडांचे गुडघे होते. काही तोडले होते, काही सिमेंटमध्ये गाडले गेले होते. "मामा, आता तुम्हाला केव्हाही उतरता येईल," रमेश म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. लोक टाळ्या वाजवत होते. अण्णा कठडा धरून उभे राहिले, ओट्याकडे बघत राहिले आणि मग रमेशच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "छान झालंय रे." मला रागानं रडू येत होतं, पण राग काढायचा कुणावर? तिथं प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतंच.

त्या दिवसाचा व्हिडिओ कुणीतरी टाकला. वाट सोपी झाली होती, पत्ता सगळ्यांना कळला होता. रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. जागेला नावही पडलं, अण्णा स्टेप्स. अण्णा परत कधी तिकडं गेले नाहीत. कुणी त्यांना तिथले नवे व्हिडिओ दाखवले की नाचणाऱ्या पोरांच्या मागची झाडं तेवढी बघायचे. पानं आधी पिवळी पडली, मग गळली. एकामागून एक झाडं उभ्या उभ्या वाळली.

गेल्या थंडीत अण्णांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तेव्हा रमेश त्यांचे पाय चेपत होता. अण्णा त्याला म्हणाले, "एक काम कर. तिथलं माझं नाव काढून टाक." रमेशला काहीच कळेना. मग अण्णांनी त्याला त्या ओट्याखाली काय आहे ते सांगितलं. रमेशचे हात थांबले. त्यानं विचारलं, "मामा, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा सिमेंट वाळून गेलं होतं रे," अण्णा म्हणाले.

ते गेल्यावर दिवस-कार्य उरकून आम्ही दोघं तिथं गेलो. पायऱ्या फोडायचं रमेशच्या मनात होतं, पण वाचवायला खाली काही उरलं नव्हतं. तो छिन्नी-हातोडा घेऊन दगडाशी बसला. एकेक अक्षर उडवत होता आणि कपच्या वेचून अण्णांच्या दुकानातल्या पोत्यात टाकत होता. शेवटचं अक्षर गेलं, दगडावर पांढरे ओरखडे राहिले. एवढ्यात वरून एक कुटुंब उतरलं, पाण्याच्या बाटल्या, स्पीकर, चिवड्याच्या पुड्या घेऊन. त्यातल्या गृहस्थांनी कन्नडमध्ये विचारलं, अण्णा स्टेप्स त्या ह्याच ना?

रमेश पोत्याचं तोंड बांधत होता. "हौद्री," त्यानं कन्नडमध्येच हो म्हटलं, आणि बाजूला सरकून त्यानं त्यांना खाली जायला वाट दिली.