बुईचं रोप आणि तांदळाचं धुवण

यंदाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माझी जी शोभा झाली, ती आठवली की अजून कानशिलं तापतात.

सून बिकानेरकडची. लग्न होऊन भोपाळला, पिपलानीच्या आमच्या क्वार्टरमध्ये आली, ती वडिलांच्या शेताच्या बांधावरचं बुईचं बी पुडीत बांधून घेऊनच. बुई म्हणजे तिकडच्या वाळूत आपोआप उगवणारं झुडूप. पांढरे, लोकरीसारखे तुरे येतात. तिची आजी म्हणे त्या तुऱ्यांनी उशा भरायची.

तिने बी पेरलं, मी पाणी घातलं. तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं, हे माझ्या हाताला लहानपणापासूनचं वळण. "आई, इसको पानी मत दीजिए," ती सांगायची. "अगं, पाण्यावाचून कुणी जगतं का?" मी म्हणायचे. रोपं कुजली. मी खापर भोपाळच्या काळ्या मातीवर फोडलं. ती पुडीत उरलेलं चिमूटभर बी बघत बसली. ते शेत आता विकलं गेलं होतं. एवढं वाया गेलं की संपलंच.

पाऊस सरल्यावर तिने तळाला विटेचे तुकडे घालून कुंडी रेतीने भरली, माती मूठभरच. बी पुरलं नाही, वर नुसतं भुरभुरलं. कुंडी दिवसभर उन्हात. आणि धुवणाचं पातेलं रोज माझ्या हातातून घ्यायला लागली, "लाइए आई, मी घालते." मला वाटलं, आली वळणावर!

चैत्रात तुरे आले. मी कुंडी गौरीशेजारी मांडली आणि पन्ह्याचे पेले देता देता प्रत्येकीला ऐकवलं, "काही नाही हो, रोज तांदळाचं धुवण. माझ्या हाताला गुणच आहे."

शेजारीण डाळ खाता खाता भाबडेपणाने म्हणाली, "पण ते तर सूनबाई रोज कढीपत्त्याला घालते. माझ्या खिडकीतून दिसतं ना!"

बायका पोट धरून हसल्या. सून मान खाली घालून ओटीचे हरभरे देत राहिली.

सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, "आपको बुरा लगता, इसलिए नहीं बताया." मला राग यायला हवा होता, पण लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक रोप जगवायला या मुलीला माझ्या घरात रोज लपवाछपवी करावी लागली होती.

तिच्यासाठी काहीतरी करावं म्हणून चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडला आणि पहिल्यांदाच विचारलं, "तुला गोड कितपत लागतं गं?"

ती घुटमळली. मग हळूच म्हणाली, "आई, चाय मुझे पसंद ही नहीं है."

लग्न होऊन आल्यापासून मी सकाळ-संध्याकाळ तिच्या हातात कप देत होते, आणि ती तो शेवटच्या घोटापर्यंत पीत होती.