न मागितलेली पत्रं

खसखस भाजल्याचा वास आला की हुडकेश्वरचं आमचं मसाल्याचं छोटं दुकान आठवतं. मसाला वहिनी करायची, ई-मेल मी पाठवायचो. ज्यांनी आपणहून वहीत पत्ता लिहून दिला, त्यांनाच नव्या मसाल्याची खबर जायची. एकदा धंदा वाढवायच्या नादात मी कुठूनतरी मिळवलेले हजारो अनोळखी पत्ते यादीत घातले. लोकांनी तक्रारी केल्या आणि जुन्या गिऱ्हाइकांना जाणारे आमचे मेलही स्पॅममध्ये पडू लागले. ऑर्डरी आटल्या. वहिनी एवढंच म्हणाली, "ज्याइनं मागितलं नाही, त्याइले काहून पाठवलं भाऊजी?" पुढे एक जुन्या गिऱ्हाईक बाई रामटेकला भेटल्या. "तुमचे मेल येनं बंद झाले, मले वाटलं दुकानच बंद केलं," त्या हसून म्हणाल्या. त्याच आठवड्यात आम्ही दुकान खरंच बंद केलं होतं. मीही हसलो. वहिनीला ती भेट अजून सांगितलेली नाही.