एक किलोचा लॅपटॉप आणि वामनरावजींचे कान

"मॅडम, लॅपटॉप घेऊन राह्यल्या का त्याची नाडी पाहून राह्यल्या?" दुकानदारानं शेवटी विचारलंच.

मी त्याच्या काउंटरवर वाकून लॅपटॉपला कान लावला होता. हा पाचवा. आधीच्या चारांचे पंखे घरघरत होते. दुकानदाराला त्यात काही गैर वाटत नव्हतं, पण माझं काम वेगळं आहे. मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे माणसाला किती ऐकू येतं ते तपासायचं, आणि गरज असेल तर कानाचं मशीन बसवून द्यायचं. आठवड्यातले चार दिवस वर्ध्यात एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये, उरलेले दोन दिवस गावागावांत कॅम्प. तिथं साउंडप्रूफ खोली नसते. ग्रामपंचायतीच्या नाहीतर शाळेच्या एखाद्या खोलीत टेबल टाकायचं, लॅपटॉपला तपासणीचा डबा जोडायचा आणि पेशंटच्या कानावर हेडफोन चढवायचे. मी एक की दाबली की त्याच्या कानात बारीक 'टीं' वाजतो. ऐकू आलं की त्यानं हातातलं बटण दाबायचं. अशा खोलीत लॅपटॉपच घरघरायला लागला तर तपासायचं काय?

जुना लॅपटॉप सतरा इंची होता. चार्जर धरून चार किलो. सावंगीच्या घरून स्टँड, स्टँडवरून एस.टी., पुढे ऑटो. उजवा खांदा कायमचा दुखायला लागला होता. त्यामुळे आता छोटा घ्यायचा हे पक्कं होतं. माझी यादी तयार होती. वजन किलोभर. बॅटरी दिवसभर टिकणारी, कारण कॅम्पच्या दिवशी लाइट हमखास जाते. जुन्या पद्धतीचा यूएसबी पोर्ट हवा, नाहीतर डब्याची वायर लागणार कुठं? आणि पंखा गप्प. दोन तास डोकं खाल्ल्यावर बारा इंची एक मिळाला. पिशवीत टाकला तर आहे की नाही कळेना. मी जाम खूश झाले.

पहिला कॅम्प वडनेरला होता. तिथं वामनरावजी आले. वय सत्तरच्या आसपास, गावात किराणा दुकान, पांढरा झब्बा कडक इस्त्रीचा. सोबत बायको, शकुंतलाकाकू. काकूंनी खुर्चीवर बसायच्या आधीच तक्रार मांडली.

"मॅडम, हे गिऱ्हाईकाचं सारं आयकतेत. माह्यंच आयकत नाई. घरातून दहा आवाज द्या, हू नाई का चू नाई. पोरं म्हंतेत, बाबाचे कान गेले. मले त काही समजूनच नाई राह्यलं."

वामनरावजी समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होते. हसत म्हणाले, "येते ना मले आयकू. तपासा तुमी."

मी तपासलं. दोन्ही कान चक्क चांगले निघाले. अगदी बारीक आवाजालाही बटण दाबलं जात होतं, एकही चुकला नाही. मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि मोठ्या उत्साहानं सांगितलं, "काका, कान ठणठणीत आहेत. मशीनची गरज नाही."

"मी म्हंतच होतो," वामनरावजी म्हणाले.

काकूंचा चेहरा उतरला. "म्हंजे यायले सारं आयकू येते," त्या सावकाश म्हणाल्या. "इतके वर्स आयकूनच उत्तर देत नाई होते. बरं झालं, समजलं." त्यांनी पिशवी उचलली आणि नवऱ्याची वाट न बघता निघून गेल्या.

मला ते टोचलं. पण बाहेर लाइन होती. परतीच्या एस.टी.त मात्र चैन पडेना. खांदा दुखत नव्हता, तरी मी सारखी बसल्या जागी चुळबुळत होते. घरी येऊन तो रिपोर्ट पुन्हा उघडला. त्यात काहीच चूक दिसेना, आणि त्याचाच जास्त राग आला.

पुढच्या आठवड्यात आंजीचा कॅम्प झाला. तिथंही सगळे खणखणीत. सोमवारी डॉक्टर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर रिपोर्टचा गठ्ठा होता.

"हे काय आहे? सत्तरीची माणसं आणि कान विशीतले?"

"सर, नवीन लॅपटॉप आहे. डबा मी तपासून घेतलाय, आवाज बरोबर येतोय."

"लॅपटॉप नवीन आहे हो. कान तर जुनेच आहेत ना?"

डबा बरोबर असेल, तर चूक माझ्या तपासण्यात असणार. बाहेर येऊन रिसेप्शनवरच्या मंदाला खुर्चीत बसवलं. तिच्या कानावर हेडफोन चढवले, आणि तिच्या नकळत त्यांची वायर डब्यातून काढून टाकली. म्हणजे तिला काही म्हणता काही ऐकू येणार नव्हतं. मग नेहमीसारखी तपासणी केली. मंदानं दरवेळी बटण दाबलं. दरवेळी!

"मंदा, काय ऐकू आलं तुला?"

"काईच नाई मॅडम."

"मग बटण काऊन दाबत होतीस?"

"तुमी की दाबली का बोट दिसे. अन् मंग भुवई वर करून माह्याकडं पाहत होत्या. मले वाटलं, आता दाबा लागते."

मी कपाळाला हात लावला. पेशंटला तपासणाऱ्याचे हात आणि चेहरा दिसता कामा नये, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. त्याला तिरकं नाहीतर पाठमोरं बसवायचं. पण आमच्याकडे वयस्क माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवणं बरं दिसत नाही. शाळेत शिक्षा केल्यासारखं वाटतं त्यांना. म्हणून मी सगळ्यांना समोरासमोर बसवायचे, वर्षानुवर्षं. आणि माझं चालून गेलं, कारण सतरा इंची स्क्रीनच्या आड मी अर्धी झाकली जायचे. बारा इंचीच्या वरून माझं सगळं दिसत होतं. त्यात वामनरावजी म्हणजे चाळीस वर्षं गिऱ्हाइकाचा चेहरा वाचलेला माणूस. त्यांनी माझी भुवई ऐकली होती.

"फोन करून बोलावून घ्या सगळ्यांना," मी केबिनमध्ये जाऊन हे सांगितल्यावर सर म्हणाले.

"बाकीच्यांना बोलावते सर. वडनेरला मीच जाते."

रविवारी सकाळीच गेले. दुकान उघडं होतं. काकू मागच्या दारात गहू निवडत होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं, पण नवऱ्याच्या दिशेनं मान वळवली नाही. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, पंधरा दिवस झाले, आई बाबांशी एक शब्द नाई बोलल्या."

मी वामनरावजींची माफी मागून त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. या वेळी बटण बराच वेळ दाबलंच गेलं नाही. जाड आवाज त्यांना ऐकू येत होते, बारीक आवाज जवळजवळ नाहीत. समोर उभ्या गिऱ्हाइकाचे ओठ दिसतात, त्यात पुरुषांचा आवाज जाड, ते त्यांना कळायचं. घरातून येणारी बायकोची बारीक हाक त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

काकूंना समोर बसवून मी हे सगळं सांगितलं. "काकू, चूक माझी आहे. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. मागचा रिपोर्ट फाडून टाका."

काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. मी वामनरावजींच्या कानाशी जाऊन विचारलं, "काका, काकू बोलत नव्हत्या ते तुम्हाला कळलं नाही?"

"पंधरा दिवसांपासून हिचा आवाजच नाई," ते म्हणाले. "मले वाटलं, उरलेसुरले कानही गेले. सांगू कोनाले? रिपोर्ट त चांगला हाये."

काकूंच्या डोळ्यांत घळकन पाणी आलं. माझ्याही. मी घाईघाईनं ट्रायलसाठी आणलेलं कानाचं मशीन काढलं, लॅपटॉपवर सेट केलं आणि त्यांच्या कानात बसवलं. मग काकूंना म्हटलं, "काहीतरी बोला त्यांच्याशी."

काकूंनी पदर सावरला आणि सवयीनं ओरडल्या, "आता येते का आयकू?"

वामनरावजी दचकून कानावर हात ठेवत म्हणाले, "काऊन ओरडून राह्यली व?"

काकू गोंधळल्या. मग माझ्याकडे वळल्या. "किती आवाजात बोलू, तुमीच सांगा मॅडम. मले हळू बोलाची सवयच नाई राह्यली."

त्यांना वेळ लागेल, असं मी सांगितलं. दोघं समोरासमोर बसून काहीबाही बोलून बघू लागले, आणि मी वायरी गुंडाळल्या.

आंजी-वडनेरच्या सगळ्यांची तपासणी मी पुन्हा केली, त्यात तीन आठवडे गेले. लॅपटॉप तोच आहे, उत्तम चालतो. कॅम्पमध्ये आता खुर्ची भिंतीकडे वळवते, आणि कोणी रुसलं तर रुसू देते. ओळखीचे लोक विचारतात, प्रवासासाठी छोटा लॅपटॉप कोणता घ्यावा? मी सांगते, वजन बघा, बॅटरी बघा, पोर्ट मोजा. आणि जुना ठेवून देण्याआधी तो तुम्हाला न सांगता कोणतं काम करत होता, तेवढं शोधून काढा.