शाबासकीचा फेटा

बाच्या हातातला घास तोंडापाशी होता. खानावळीचा मालक त्याच्या डोक्यावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ओ पावणं, उठा."

बाला वाटलं, गर्दी आहे, सरकायला सांगतायत. तो सरकला.

"सरकू नगा. उठा. ताट घ्या आन् मोरीकडं जावा. हितं गिऱ्हाईक बसतंय."

बा गिऱ्हाईकच होता. शाहूपुरीच्या बाजारात गूळ विकायला घालून आला होता, ताटाचे पैसे आधीच दिले होते. अर्धी भाकरी होईपर्यंत त्याला कुणी काही बोललं नाही. मग त्यानं शेजारच्याला कौतुकानं सांगितलं, "त्यो वाढतोय न्हवं, त्यो माझा ल्योक हाय." ते मालकानं ऐकलं. एवढाच गुन्हा. आमच्या खानावळीत कामगार आणि कामगाराचं माणूस बाकावर बसत नसे. त्यांनी भांडी घासायच्या मोरीशेजारी जमिनीवर खायचं. गिऱ्हाइकाला कमीपणा वाटतो म्हणे.

बा भांबावून माझ्याकडं बघत होता. माझ्या हातात रश्श्याची बादली होती. मी ती खाली ठेवली आणि बाचं ताट उचलून मोरीकडं नेलं. मालकानं नेलं नाही. मी नेलं. बा मागनं आला. ओल्या फरशीवर उकिडवा बसून त्यानं राहिलेली भाकरी खाल्ली. जाताना मालकाला हात जोडले.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. चौकाचौकात भाषणं व्हायची. मी ती बादल्या धुताना ऐकायचो.

मालक माणसं राबवण्यात हुशार. दर शुक्रवारी सकाळी, चूल पेटायच्या आधी, आठवड्यात सगळ्यांत चांगलं काम करणाऱ्याला तो स्वतःच्या हातानं गुलाबी फेटा बांधायचा. आठवडाभर तो डोक्यावर ठेवून वाढायचं. गिऱ्हाइकं विचारायची, "ह्या खेपंला तुझ्या डोक्यावर व्हय रं?" छाती फुगायची. त्या फेट्यासाठी आम्ही ताप अंगावर काढला. रजा मागितली नाही. एकमेकांच्या चहाड्या केल्या. आचाऱ्याचा डोळा लागला, तेही मीच जाऊन सांगितलं होतं. तरी तीन वर्षांत मला फेटा मिळाला नव्हता.

त्या शुक्रवारी मालकानं माझं नाव घेतलं.

"परवा ह्याच्या बापाला उठिवलं. ह्यानं तोंड वाकडं केलं न्हाई. सोता ताट उचाललं. असा माणूस पायजे."

टाळ्या पडल्या. मी पुढं झालो. मान खाली घातली. फेट्याचा पहिला वेढा कपाळावर बसला तेव्हा डोक्यात लख्ख झालं. बाला उठवलं, त्याचं हे बक्षीस. आणि ते घ्यायला मी स्वतः डोकं पुढं केलंय.

दुसऱ्या वेढ्याला मी मालकाचं मनगट धरलं.

"नगं मला."

"का रं? हलका वाटला?"

"बाला बोलवा. त्याच बाकावर बसवा. ताट तुमी वाढा."

मालक हसला. बाकीचेही हसले. मग त्यानं माझं तोंड पाहिलं आणि भाव सुरू केला. पगार वाढवतो. सगळ्या वाढप्यांवर मुख्य करतो. मी मान हलवली.

"बरं, आन तुझ्या बाला. दुपारी तीनला. गर्दी नसती तवा. बसू दे घटकाभर बाकावर. झालं?"

घासाघीस माझ्या रक्तात. क्षणभर मी हिशेब केला, की एवढं तरी पदरात पडतंय. त्या एका क्षणाची लाज मला अजून आहे.

"भर गर्दीत," मी म्हणालो. "बाराला. सगळ्यांसमोर उठिवलासा, सगळ्यांसमोर बसवा."

"आज तुझा बा, उद्या ह्येचा मामा. मग गिऱ्हाईक काय माझ्या डोस्क्यावर बसवू?"

मी फेटा उलगडला, चुलीपुढं टाकला आणि बाहेर पडलो. एकही जण माझ्यामागं आला नाही. आचाऱ्यानं वर बघितलंसुद्धा नाही. त्यानं का बघावं?

गावी गेलो. बाला सांगितलं. मला वाटलं होतं, तो पाठीवरून हात फिरवेल.

"मालकाचं पाय धर जा," बा म्हणाला. "ताट माझं हाललं. तुझं काय गेलं?"

"न्हाई धरणार."

तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

आज माझी स्वतःची खानावळ आहे. धंदेवाले विचारतात, तुझी माणसं टिकतात कशी, मन लावून राबतात कशी, आम्ही तर शाबासकी देऊन थकलो. मी सांगतो, शाबासकी बंद करा, माणसाला आधी बसायला जागा द्या. त्यांना ते पटत नाही.

तो मालक बाजारात भेटतो. "झालं गेलं इसर की लेका," म्हणतो. इसरत न्हाई. माझ्या बाची माफी त्यानं माझ्या खानावळीत येऊन भर पंगतीत, माझ्या माणसांसमोर मागायची. बा आता जिवंत नाही. तरी अट मी एका पैशानंही कमी केलेली नाही, आणि करणार नाही.