तीन ठिपक्यांचा स्टँड

सन दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं कोर्टाचा कागद सूनबाईनं वाचला.

"अब्बा, गुरुजींनी तुम्हाला दाव्यात ओढलंय. तिसरा पक्ष म्हणून."

गुरुजी म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर. त्यांच्या गच्चीवरचा पाण्याच्या टाकीचा स्टँड मोडला आणि टाकी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर पडली. आत कोणी नव्हतं, नशीब. शेजाऱ्यानं गुरुजींवर भरपाईचा दावा लावला. गुरुजींनी कोर्टाला सांगितलं, स्टँड वेल्डिंगवाल्या मिस्त्रीनं केलाय, द्यायची वेळ आली तर त्यानं द्यावी. तो मिस्त्री मी.

राग आलाच. पण पेन्शनीवर जगणारी म्हातारा-म्हातारी, घाबरून माझा हात धरला असणार, असंही वाटलं.

माझ्या वकिलानं विचारलं, "बिल दिलं होतं?"

"आमच्यात बिल कुठलं? तोंडी काम."

"मग सोपं आहे. स्टँड मी केलाच नाही म्हणा. विषय संपला."

"चाळीस वर्षं वेल्डिंग केलंय सायेब. माझं काम माझं न्हाय म्हणू व्हय?"

"मग भरा नुकसान," तो हसला.

माझ्या प्रत्येक कामावर कोपऱ्यात वेल्डिंगचे तीन ठिपके असतात. सही नीट येत नव्हती, तेव्हापासूनची खूण. ती नाकारायची म्हणजे माझ्यात राहिलं काय?

कोर्टानं पाहणीला कमिशनर पाठवला. गच्चीवर मोडके तुकडे तसेच होते. गुरुजी माझ्याकडं बघेनात. मी ठिपक्यांवर बोट ठेवलं. "माझंच हाय. आणि सांधा बघा, हाललाय का?"

सांधा खरंच शाबूत होता. माझी छाती फुगली. मोडला होता तो पाइपचा पाय, सांध्याच्या खाली. तो उचलून तिरका केला तर आतून ओला, लाल गंज भसाभस माझ्या पावलांवर पडला. पाइपचं वरचं तोंड उघडं. पाऊस आत जात राहिला, लोखंड आतून खात राहिला.

मला तो दिवस आठवला. स्टँड बसवताना गुरुजींनी विचारलं होतं, "मिस्त्री, यात पाणी नाही का जाणार?" मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "गुरुजी, तुम्ही पाढे शिकवा. लोखंड मला शिकवू नका."

गुरुजींनाही आठवत असणार. पण ते गप्प होते. त्यांच्या त्या गप्प बसण्यानंच मला बोलतं केलं.

"लिहा सायेब," मी कमिशनरला म्हटलं. "तोंड बंद करायचं मिस्त्री विसरला. गुरुजींनी इचारलं हुतं, म्या ऐकलं न्हाय."

गुरुजी जवळ आले. "मिस्त्री, मीही इतक्या वर्षांत एकदा वर चढून बघितलं नाही."

शेजारी भिंतीपलीकडून ओरडला, "तुमचं दोघांचं झालं असंल तर माझ्या पत्र्याचं बोला की!"

तिघंही हसलो. पत्रे गुरुजींचे, लोखंड आणि मजुरी माझी, असं तिथंच ठरलं. तडजोडीचा कागद वकिलांनी कोर्टात द्यायचा.

पण रात्रभर मला माझे बाकीचे स्टँड दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपच्या तोंडाएवढ्या पत्र्याच्या चकत्या कापल्या, वेल्डिंग मशीन रिक्षात घातलं आणि कळंब्याला गेलो. तिथं मी पूर्वी स्टँड बसवलेल्या एका घराच्या मालकानं दार उघडलं. "काय पावणं, कुणी बोलावलंय?"

"कुणी न्हाय," मी म्हटलं. "तुमच्या टाकीखाली माझे तीन ठिपके हायत. टाकी रिकामी करा."