नेड म्हणत त्याला

रॉस पहिल्यांदा हॉलच्या दारात उभा राहिला, तेव्हा सुनेत्राने ओट्यावरची पर्स उचलून कपाटात ठेवली. ठरवून नाही, हात आपसूक गेला. चाळिशी उलटलेला उंच माणूस, पांढऱ्या पट्ट्यांचा ट्रॅकसूट, डोक्यावर टोपी, आणि मास्कच्या कडेतून वर डोकावणारा जुन्या जखमेचा व्रण.

ते २०२० सालचं लॉकडाऊन होतं. सगळं मेलबर्न दारं लावून बसलं होतं. शहराच्या कडेला वेरिबी उपनगरात भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या कॅफेतल्या, दुकानांतल्या शिफ्ट्स गेल्या होत्या. सुनेत्रा स्वतः कधीकाळी सांगलीहून अशीच शिकायला आलेली. त्यामुळे ऑफिसचं काम सकाळी घरून उरकून ती दुपारी कम्युनिटी हॉलच्या स्वयंपाकघरात या मुलांसाठी वरण-भात, भाजी करायची. डबे पोचवायला माणूस हवा म्हणून तिने फेसबुकवर लिहिलं, आणि हा आला.

"इथे जवळच राहतो. भिंतींना प्लास्टरबोर्ड बसवतो, पण साइट बंद आहे. गाडी आहे," तो म्हणाला. त्याचे स्कॉटिश उच्चार असे, की एवढं कळायला तिला तीनदा विचारावं लागलं.

निघताना म्हणाला, "नो वरीज, हेन."

हेन म्हणजे कोंबडी, एवढं इंग्रजी तिला येत होतं. दोन दिवस ती त्याच्याशी तुटक बोलली. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलंच, तेव्हा तो ओशाळला. "आमच्याकडे बायकांना प्रेमाने म्हणतात तसं. माझी आजी राणीलासुद्धा हेन म्हणाली असती."

हॉलच्या समितीवर पद्माकरकाका होते. नाशिकचे, निवृत्त इंजिनिअर, माणूस सचोटीचा पण शिस्तीचा फार. हॉलची किल्ली त्यांच्याकडे असे. रॉसला पाहून ते दबक्या मराठीत म्हणाले, "सुनेत्रा, हा बोगन कुठून आणलास? मुली एकट्या राहतात त्या घरांवर याला पाठवू नकोस."

मराठी रॉसला कळलं नाही, पण बोगन हा शब्द इथलाच. अडाणी, गावंढळ गोऱ्यासाठी वापरतात तो. काका गेल्यावर डबे खोक्यात रचता रचता तो म्हणाला, "बोगन म्हणजे मला बढतीच की. ग्लासगोत मी नेड होतो."

"नेड म्हणजे?"

"सरकारी वसाहतीतला, ट्रॅकसूट घातलेला, कामधंदा नसलेला पोरगा. चोर असणार, दारू पिणार, चाकू बाळगणार. अशिक्षित गुन्हेगार अशा अर्थाच्या शब्दांची ती आद्याक्षरं आहेत असं लोक सांगतात. ते खोटं आहे म्हणे, मागाहून जुळवलेलं. पण मास्तरसुद्धा तेच सांगून हसायचे." त्याने झाकण घट्ट दाबलं. "दुकानात शिरलो की रखवालदार मागे मागे. मी अकरा वर्षांचा होतो, आईसाठी ब्रेड घ्यायला गेलेलो."

"आणि तू काहीच केलं नव्हतंस?"

"केलं ना. पंधराव्या वर्षी बसस्टॉपच्या काचा फोडल्या, मारामाऱ्या केल्या, सुधारगृहात राहून आलो. काच मीच फोडली, हेन. पण नाव काचेच्या आधीच पडलं होतं."

पुढे आईने एका ऑस्ट्रेलियन ट्रक ड्रायव्हरशी लग्न केलं आणि सतराव्या वर्षी तो इकडे आला. इथे नेड हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. पहिलं वर्षभर आपण कोणीच नाही याचंच त्याला सुख वाटलं होतं.

सुनेत्राला शिरीष आठवला, तिचा धाकटा भाऊ. कट्ट्यावर बसायचा, केस वाढवायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला टपोरी म्हणायची. आता त्याचं औषधांचं दुकान आहे, तरी शेजारच्या काकू औषध घेताना एक्स्पायरीची तारीख दोनदा वाचतात.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी हॉलच्या मागचे दोन्ही गॅस सिलेंडर गायब झाले.

पद्माकरकाका रॉसच्या समोरच इंग्रजीत म्हणाले, "मागची जागा बाहेरच्या माणसांपैकी एकालाच माहीत होती."

रॉसने हातातलं खोकं खाली ठेवलं आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. फोन उचलेना. सुनेत्राने घरच्या इंडक्शनवर जमेल तेवढं रांधलं, स्वतःच गाडी काढली. निम्मे डबे गार होऊन पोचले.

शेवटी ती त्याच्या घरी गेली. तो कुंपणाच्या आत, ती बाहेर.

"निघून का गेलास? गप्प का बसलास?"

"बोललो असतो तर आवाज चढला असता. आवाज चढला असता तर ते म्हणाले असते, बघा, सांगत होतो ना." त्याने कुंपणावर हात ठेवला. "सिलेंडर मी नेले नाहीत."

"मी विचारलं नाही," सुनेत्रा म्हणाली. "उद्या ये."

तिथून ती थेट पद्माकरकाकांच्या दारात उभी राहिली. "काका, हॉल उघडायचं काम उद्यापासून रॉस करील. किल्ली त्याच्याकडे द्या. पटत नसेल तर मी उद्यापासून घरीच स्वयंपाक करते, हॉल तुम्ही बंद ठेवा."

काका आत जाऊन किल्ली घेऊन आले आणि पायरीवर ठेवून दोन पावलं मागे सरले. रोगामुळे की रागामुळे, तिला कळलं नाही.

सिलेंडर कोणी नेले ते कधीच उघडकीला आलं नाही. नवे आले, रॉसने त्यांना साखळी लावली.

पुढच्या वर्षी पुन्हा लॉकडाऊन लागलं आणि काकांनाच कोविड झाला. आजारपणभर रॉस त्यांच्या दारात डबा ठेवून बेल वाजवून जायचा. एकदा काकांचा सुनेत्राला फोन आला.

"त्याला सांग, भाजीत मीठ जरा कमी."

"मीठ मी घालते, काका."

"मग तूच कमी घाल." थोडं खोकून ते म्हणाले, "वेळेवर येतो मात्र." माफी म्हणावी तर एवढीच.

निर्बंध उठल्यावर डिसेंबरमध्ये हॉलवर सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरलं. रॉस त्याच्या आईला घेऊन आला. ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई, कोपऱ्यातल्या खुर्चीत कोट न काढता बसली. सुनेत्रा ताट घेऊन गेली तशी तिने तिचं मनगट धरलं.

"नीट वागतो ना इथे?"

"वागतो. त्याच्यावाचून आमचं अडतं."

म्हातारीने मान हलवली, हात मात्र सोडला नाही. "तेव्हाही चांगलाच होता, हेन. पोलिसांनी विचारलं नाही, शाळेने विचारलं नाही. मला कुणी विचारलंच नाही."

सुनेत्राने भातावर आणखी चमचाभर तूप वाढलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. "मला सांगा," ती म्हणाली, "लहानपणी कसा होता?"